कॉकाटील सूर्यफुलाशिवाय कशालाच चोच लावत नाही, काय करू?

केळीबाग (यावल)
नमस्कार मंडळी. आमचा सोन्या तीन वर्षांचा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट), लहानपणापासून दुकानातल्या मिक्स बियांवर वाढलाय आणि त्यातनंही सूर्यफूल तेवढं निवडून खातो, राळं बाजरी सगळी पिंजऱ्याखाली. मागच्या महिन्यात चोच जास्त वाढलेली दिसली म्हणून दाखवायला नेला तर डॉक्टर म्हणे फार जाड झालाय, सूर्यफुलात नुसती चरबी, लिव्हरवर येतं, पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या) आणि भाजी सुरू करा. पेलेट मागवले. दुकानवाला म्हणाला बिया बंदच करा, भूक लागली की बरोबर खाईल, म्हणून काल सकाळपासून बिया काढून घेतल्या. तर त्यानी पेलेटला शिवलंसुद्धा नाही, आज पिसं फुलवून कोपऱ्यात बसलाय, शिट्टी पण मारत नाही. अजून एक दिवस थांबू का?

तापीकाठ
ताई आधी बिया परत द्या, आत्ता लगेच!! पेलेट हे खाणं आहे हेच त्याला कळत नाही, त्याच्या लेखी ते खडे आहेत, असे पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी मरतात. आणि खाऊनही तो असाच फुगून बसला तर वाट न बघता डॉक्टरकडे, कारण पक्षी आजार लपवतात, आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

केळीबाग (यावल)
दिल्या. तुटून पडला अक्षरशः. मला रडूच आलं.

तापीकाठ
बरं झालं. आता सावकाश करा. किचनचा डिजिटल काटा घ्या, रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो, म्हणजे आठ-दहा ग्रॅम पटकन उतरले तरी तो धोका आहे, थांबायचं आणि पुन्हा बिया वाढवायच्या. शिट पण बघा, खूप कमी झाली म्हणजे पोटात काही जात नाहीये. आणि वाटीवर फुंकर मारत जा, वरून भरलेली दिसते पण ती नुसती फोलपटं असतात, यात खूप जण फसतात.

शेवगा_धुळे
आमच्याकडे मधली पायरी मोडाची ठरली. बाजरी आणि राळं रात्रभर भिजवायचं, मटकीला आणतो तसे बारीक मोड आणायचे, स्वच्छ धुवायचं, आणि त्यावर पेलेटचा चुरा भुरभुरायचा, ओल्याला तो चिकटतो आणि दाण्याबरोबर पोटात जातो. सकाळी भूक जास्त असते तेव्हा तासभर हे, मग नेहमीच्या बिया. आमच्या पक्ष्याला अडीच महिने लागले भो, आठ दिवसात होईल असं धरून बसू नका. भाजीत शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा. बियांमध्ये अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी, त्यासाठीच हे. जुडी ओलीच टांगा, आमचा आधी त्यात अंघोळ करायचा, मग कुरतडायला लागला. फवारणीचा माल असतो म्हणून पाला नीट धुवून घ्या. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तासाभराच्या वर ओलं खाणं पिंजऱ्यात ठेवूच नका, आंबतं.

केळीबाग (यावल)
केळं चालेल का? घरचीच बाग आहे आणि माझ्या ताटातलं तो मागतो.

शेवगा_धुळे
नखाएवढा तुकडा, तोही कधीतरी, साखर फार असते. पण ताटातलं मागतो हे भारी आहे! त्याच्यासमोर बसून तुम्हीच गाजर खा, थव्यातला पक्षी आहे, दुसरा खातो ते त्याला हवं असतं. शेव, फरसाण, कांदा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो मात्र अजिबात नाही. कॅल्शियमला समुद्रफेन (माकुळाचं पांढरं हाड) टांगा, जडीबुटीच्या दुकानात मिळतो.

केळीबाग (यावल)
तीन आठवडे झाले म्हणून सांगायला आले. वजन ११२ वरून १०८. पेलेट अजून नुसता खात नाही पण मोडाबरोबर चुरा जातो, आणि काल मेथीचं पान स्वतः ओढून घेतलं, अर्धं खाल्लं अर्धं फेकलं. सूर्यफूल आता फक्त हातावरून, दिवसाला चार-पाच दाणे. चोच दाखवायला पुढच्या सोमवारी परत नेतेय.