बाळाला भेटायला येण्याबाबत

अनिकेत: नाव घेत नाही, पण काल खोकत खोकत येऊन बाळाचा मुका कोणी घेतला ते सगळ्यांना माहीत आहे. ३८ दिवस पेटीत काढून घरी आलाय तो. अजून दोन किलो पूर्ण नाहीत. महिनाभर कृपया कोणी येऊ नका.

कुसुमकाकू: आमचा विजू सातव्या महिन्यातलाच. तेव्हा कुठली पेटी? कापसात गुंडाळून वाढवला. आज ९४ किलो.

विजू: ८९.

सुमनआत्या: माझी ॲलर्जी आहे, खोकला नव्हे. इतकं लागलं असेल तर नाही येणार. 🙏

रेवा: आत्या, रागावू नकोस. आईच्या अँटिबॉडीज वारेतून बाळाकडे जातात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. हा तिसाव्या आठवड्यातच आला, शिदोरी बांधून व्हायच्या आत निघाला. आपल्याला नुसतं नाक गळतं, त्याच विषाणूने याला श्वास घेणं जड जाऊ शकतं.

मधुकाका: ताप आला तर बघू ना.

रेवा: तीच तर गोम आहे काका. अशा बाळांना इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही, कधी उलट अंग गार पडतं. दूध ओढेना, मलूल वाटलं की लगेच डॉक्टर.

कुसुमकाकू: आमचा विजू सातव्या महिन्यातलाच.

बाळूकाका: वहिनी, विजूचा सातबारा पाठ झाला आता. 😂

कुसुमकाकू: गुटीत मधाचं बोट लावा, ताकद येते. ओव्याची धुरी पण द्या.

मीनल: काकू, वर्षाच्या आत मध नाही. धूरही नाही. आधी मला दूध येत नव्हतं तेव्हा दूधपेढीतलं दिलं, आता माझंच. तेच त्याचं टॉनिक.

मधुकाका: दुसऱ्या बाईचं दूध??

रेवा: तपासून, पाश्चराइज करून देतात. सायन हॉस्पिटलात १९८९ पासून आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आशियातली पहिली.

मधुकाका: बरं. लसी तरी वजन भरल्यावर द्या.

रेवा: नाही, जन्मतारखेपासूनच मोजायच्या. दीड महिन्याची याच आठवड्यात.

सुमनआत्या: म्हणजे सुई टोचणारे चालतात, सख्खी आत्या चालत नाही.

अनिकेत: ते हात धुतात. आणि मुका घेत नाहीत.

कुसुमकाकू: आमचा विजू सातव्या महिन्यातलाच. तेव्हा कुठली पेटी?

वत्सलाआजी: कुसुम, विजूच्या आधीची पण सातव्यातलीच होती. तिचंही सांग.

बाळूकाका: बारशाच्या हॉलला मी ५,००० भरलेत. परत मिळतील का?

अनिकेत: काका, पर्सनलवर बोलू.

लताआत्या: पनवेल सोडलं. पाचच जण आहोत, चहा टाका.

अनिकेत: आत्या, वर वाच.