जुना निकाल दाखवून रस्ता अडवून ठेवता येतो का?

गोदाकाठ (परभणी जिल्हा):
आमच्या गल्लीत एका इमारतीच्या पायऱ्या आणि वरची गॅलरी रस्त्यावर आली आहे. अग्निशमनचा बंब आत शिरत नाही. पालिकेचा माणूस आला की मालक वीसेक वर्षांपूर्वीचा निकाल पुढं करतो आणि माणूस माघारी जातो. मी नक्कल काढून तो निकाल वाचला. ‘कायदेशीर प्रक्रिया केल्याशिवाय पालिकेनं बांधकाम पाडू नये’, एवढाच हुकूम आहे. जागा कुणाची, यावर कोर्टानं काहीच ठरवलेलं नाही. मग नोटीस द्या, म्हणणं ऐका, मोजणी करा आणि काढा. अशा मनाई हुकमानं रस्ता कुणाच्या मालकीचा होत नाही.

हणमंत, उदगीर:
तुमच्याकडचा निकाल तसा असेल, पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. आमच्या चुलत्यांच्या दाव्यात पालिका प्रतिवादी होती. कोर्ट कमिशनरसमोर (कोर्टानं पाहणीसाठी नेमलेल्या माणसासमोर) मोजणी झाली, भिंत आमच्या हद्दीत निघाली, पालिकेनं अपील केलं नाही. तरी मुख्याधिकारी बदलला की नोटीस येते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ मग कशाला आहे? त्याच पक्षकारांत ठरलेला मुद्दा पुन्हा उकरायचा नाही. गरिबानं किती वेळा वकील लावायचा?

गोदाकाठ:
तुमचा निकाल पालिकेला बांधतो, मान्य. पण आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एकानं फक्त शेजाऱ्याविरुद्ध हुकूमनामा मिळवलाय आणि तोही पालिकेला दाखवतो. पालिका त्या दाव्यात नव्हतीच!

वकील, अंबाजोगाई:
शेजाऱ्याविरुद्धचा हुकूमनामा पालिकेच्या आड येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा मात्र राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणं सगळ्या कोर्टांना बांधतो. मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली ठरलं की फूटपाथ अडवण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि काढताना शक्यतो आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या प्रकरणात १९८० साली गटारं-सफाईच्या कामाला ‘पैसे नाहीत’ ही नगरपालिकेची सबब त्याच कोर्टानं ऐकली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानं पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली, पण रस्ता-फूटपाथवरचं अनधिकृत बांधकाम त्यातून वगळलं.

हणमंत, उदगीर:
भीती नेमकी त्या वगळण्याचीच आहे. जागा रस्त्याची की घराची, हाच तर वाद असतो. आपल्याकडं निजामाच्या काळातले कागद उर्दूत, जुन्या नकाशांचा आणि आजच्या मोजणीचा मेळ बसत नाही. आधी ‘हा रस्ताच’ म्हणायचं आणि मग नोटीस नको म्हणायचं, हे मला कधीच पटणार नाही.

गोदाकाठ:
मोजणी दोघांसमोर व्हावी, यात मी तुमच्या बाजूनं आहे. पण पालिका मोजणीच मागत नाही, त्याचं काय?

वकील, अंबाजोगाई:
मग तुम्ही मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोन रहिवासी कोर्टाच्या परवानगीनं सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावू शकतात. उशीर मात्र करू नका. रस्त्याचा ताबा परत घ्यायला पालिकेला दाव्याची मुदत ३० वर्षांची आहे, आणि तुमच्या गल्लीतली वीसेक वर्षं तो कागद बघण्यातच गेली.