एसीसीची एसएसबी: नोकरीतल्या जवानाने तयारी कशी करावी? क्लास लावावा का? (पुणे)

रेंजहिल्सवाली

नमस्कार मंडळी. धागा मी काढतेय, पण विषय आमच्या ह्यांचा आहे. सोशल मीडियाबद्दल त्यांना कडक सूचना असतात, म्हणून ते स्वतः असं कुठे लिहीत नाहीत. हे सैन्यात लान्स नायक आहेत, इंजिनिअर्सकडचे, सध्या पुण्यात. याहून जास्त तपशील देत नाही, कृपया विचारूही नका.

आर्मी कॅडेट कॉलेजची (एसीसी, जवानांतून अधिकारी घडवणारं कॉलेज) लेखी परीक्षा ते पास झाले आणि आता एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाचं, बोलावणं आलंय, भोपाळला. हातात जेमतेम दीड महिना. वय सव्वीस, आणि अट सत्तावीसपर्यंतची, म्हणजे ही संधी शेवटचीच धरून चाललोय.

अडचणी अशा. डेक्कनला एका क्लासमध्ये चौकशी केली, फी ऐकून दोघंही गप्प बसलो. इंग्रजी ह्यांना वाचता-लिहिता बरं येतं, पण शिक्षण सातारकडच्या खेड्यात मराठी शाळेत झालं, बोलताना अडतात. आणि तिसरं म्हणजे घरचे आणि ह्यांचे सोबती. नायकचा कॅडर (बढतीचा कोर्स) जवळ आलाय, तो नीट कर, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतोस, हे रोज ऐकावं लागतं. सासूबाईंचंही तेच मत. खरंच काही नुकसान होतं का? रात्रीच्या रोल कॉलनंतर तास-दीड तास मिळतो, त्यात काय काय बसवावं? मला काही मदत करता येईल का, तेही सांगा.

जुनी_छावणी

ताई, आधी अभिनंदन. लेखी पास होणं हीच मोठी चाळण असते. मी सॅपर (इंजिनिअर्समधला जवान) म्हणून लागलो आणि सुभेदार होऊन घरी आलो, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या.

नुकसान काही नाही. एसएसबीला जाऊन आल्याने सीनिऑरिटीला धक्का लागत नाही. निवड झाली नाही तर माणूस युनिटमध्ये परत येतो आणि कॅडरला बसतो. उलट बाजूने बघा: लान्स नायक, नायक, हवालदार करत नायब सुभेदार व्हायला सहसा वीस वर्षांच्या आसपास जातात. एसीसीतून गेला तर तीन वर्षं डेहराडूनला एसीसी विंगमध्ये, तिथे जेएनयूची पदवी, मग एक वर्ष आयएमए (इंडियन मिलिटरी अकॅडमी), आणि खांद्यावर दोन तारे. एकतिशीच्या आत लेफ्टनंट. सोबत्यांचं बोलणं मनावर घेऊ नका, त्यात थोडी काळजी असते आणि थोडं दुसरंही काही असतं.

अवांतर: ही एसीसी १९७७ पर्यंत आपल्या पुण्यातच होती, मग आयएमएच्या आवारात गेली. आणि सासूबाईंना सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्याबद्दल सांगा. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, डिसेंबर १९४७ मध्ये कमिशन मिळालं आणि चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. बॉम्बे सॅपरला मुलाखतीत राण्यांबद्दल दोन वाक्यं बोलता आली नाहीत तर फार वाईट दिसतं, तेवढं करून जायला सांगा.

पेठेतला_उमेदवार

क्लास लावाच. मी सीडीएससाठी (पदवीधरांची अधिकारी भरतीची परीक्षा) तयारी करतोय. आमच्याकडे जीटीओचं (गटाच्या मैदानी चाचण्या घेणारा अधिकारी) पूर्ण मैदान आहे, निवृत्त अधिकारी शिकवतात, मॉक इंटरव्ह्यू होतात, टीएटीच्या (चित्र बघून गोष्ट लिहायची परीक्षा) शंभर तयार गोष्टींची पुस्तिकाही देतात. फी जास्त वाटते, पण आयुष्याचा प्रश्न आहे.

चेस्टनंबर_सात

ती पुस्तिका रद्दीत घाला, मित्रा, आणि तुम्हीही ताई, ती कुणाकडून मागून आणू नका.

मी याच वाटेने गेलेला माणूस आहे. जवान, मग एसीसी, मग अधिकारी. क्लासला माझा विरोध नाही. मैदान बघायला आणि चार अनोळखी माणसांत बसून बोलायची सवय व्हायला दोन-तीन रविवार गेलात तर फायदाच आहे, आणि बरेच क्लास तेवढ्यापुरते पैसे घेऊन येऊ देतात, विचारून बघा. पण गोष्टी लिहायला क्लासकडून शिकायचं नाही.

का ते सांगतो. सायकच्या (मानसशास्त्रीय चाचण्यांच्या) दिवशी पहिली परीक्षा टीएटी. बारा चित्रं, प्रत्येक चित्र तीस सेकंद पडद्यावर, मग चार मिनिटांत गोष्ट. शेवटचं चित्र कोरं असतं, तिथे आपल्या मनातली गोष्ट. घोकून आलेल्यांचा हिरो एकच: रस्त्याने चाललेला असतो, अपघात दिसतो, ॲम्ब्युलन्स बोलावतो, रक्त देतो, आणि वर परीक्षेला वेळेत पोचून पहिलाही येतो. बोर्डावरचा मानसशास्त्रज्ञ असले हिरो ढिगाने वाचत असतो. त्याला हिरोत रस नाही, लिहिणाऱ्यात आहे.

तुमच्या मिस्टरांकडे खरा माल आहे. समजा चित्रात एक माणूस, मागे पाणी, असं काहीसं धूसर आलं. घोकलेला उमेदवार पूर आणतो आणि हिरोला उडी मारायला लावतो. ह्यांनी लिहावं की ओढ्यावरचा साकव वाहून गेला, शाळेची पोरं अलीकडेच अडकली, सुट्टीवर आलेल्या हिरोने सरपंचाला गाठून ग्रामपंचायतीत पडून असलेले विजेचे जुने खांब मिळवले, चार पोरं हाताशी धरून तात्पुरती पायवाट केली आणि पक्क्या पुलाच्या अर्जावर गावाच्या सह्या घेतल्या. यात कुणी मरत नाही, कुणी पदक घेत नाही. पण हे लिहिणारा माणूस सामान कुठून आणायचं, कुणाला विचारायचं, पुढे काय, हे सगळं रोज करणारा आहे हे कागदावर दिसतं. सरावाला दिवसाला एकच चित्र घ्या, वर्तमानपत्रातला कुठलाही फोटो चालतो. फोनवर चार मिनिटांचा टायमर लावा. गोष्ट अर्धी राहिली तरी पेन खाली.

वॅटमध्ये (शब्द बघून वाक्य लिहायचं) साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. ‘फेल्युअर’ शब्द आला की अपयश ही यशाची पहिली पायरी असं लिहिणारे ढीगभर असतात. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार आठवला तर तो सोडून द्यायचा आणि स्वतः पाहिलेलं काही लिहायचं. एसआरटीला (प्रसंगात काय कराल ते लिहायचं) साठ प्रसंग तीस मिनिटांत, तिथे तर विचार करायला वेळच नसतो.

एसएसबीवाले मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात, ते उगाच नाही. मानसशास्त्रज्ञ कागद बघतो, मुलाखत घेणारा बोलणं ऐकतो, जीटीओ मैदानावर वागणं बघतो. तिघं आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. कागदावर एक माणूस आणि मैदानावर दुसरा, असं झालं की खेळ संपला.

रेंजहिल्सवाली

सर, खूप खूप आभार. हे रात्री वाचून दाखवलं तर म्हणाले, आमच्या गावचा साकव खरंच वाहून गेला होता! एक विचारू? मैदानावरचे ते फळ्या, बल्ल्या, दोऱ्यांचे टास्क ह्यांना सोपे जातील ना? रोजचंच काम आहे त्यांचं.

चेस्टनंबर_सात

तिथेच सॅपर मार खातो. हसू नका, खरं सांगतोय.

प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कला गट सुरुवातीच्या रेषेपाशी उभा असतो. एक फळी, एक बल्ली, एक दोरी. मधे काही खांब, काही रंगवलेल्या जागा, कुठल्या रंगाला पाय लावायचा नाही हे जीटीओने आधी सांगितलेलं. मधल्या जमिनीला तर स्पर्शच करायचा नाही. सॅपरला उत्तर बघताक्षणी दिसतं: फळी पुढे सरकवा, मागच्या टोकावर दोघं उभे राहा, पुढच्या टोकावरून एकजण पलीकडे जाईल. मग तो काय करतो? फळी उचलतो, बल्ली स्वतः बांधतो, गाठही दुसऱ्याला बांधू देत नाही कारण दुसऱ्याची गाठ त्याला बघवत नाही. तू इकडे ये, तू धर, तू थांब. टास्क होतो. जीटीओ वहीत लिहितो. गटातल्या ज्या क्लार्कने मधेच काही सुचवलं होतं त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही, हेही तो लिहितो.

हवालदार काम उत्तम करून घेतो. अधिकाऱ्याकडून अपेक्षा अशी की दुसऱ्याच्या कल्पनेत दम असेल तर ती उचलून धरावी, आणि नसेल तर का नाही ते दोन शब्दांत सांगून पुढे जावं. ह्यांना एवढंच सांगा: स्वतः बांधायच्या आधी शेजारच्याला दोरी द्या. तो चुकीची गाठ मारत असेल तर दाखवा, पण दोरी त्याच्याच हातात राहू द्या. कमांड टास्कला तर सुबॉर्डिनेट (हाताखालचे मदतनीस) निवडायचे असतात, तिथे गटातला सगळ्यात गप्प माणूस घेतला तरी बिघडत नाही.

वैयक्तिक अडथळ्यांची काळजी नको. दहा अडथळे, तीन मिनिटं, आणि जवानाचं अंग तयार असतं. फक्त मोठ्या गुणांचे अडथळे आधी उरकायचे.

नाशिकरोडचा

ताई, पैसे कशाला घालवता? आमच्याकडे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, शासनाचं. एसएसबीचा कोर्स मोफत असतो, राहणं-जेवणसुद्धा. सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज मिळतो.

जुनी_छावणी

केंद्र चांगलं आहे, पण तो कोर्स सीडीएस, एनडीए वगैरे पास झालेल्या आणि एनसीसीच्या सी सर्टिफिकेटवाल्या मुलांसाठी. नोकरीतल्या जवानाने आपल्या युनिटच्या एज्युकेशन जेसीओला आणि ॲडज्युटंटला विचारावं. एसीसीचा उमेदवार असेल तर बरेच सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब संध्याकाळची फॅटिग (अंगमेहनतीची कामं) माफ करतात आणि एखाद्या तरुण अधिकाऱ्याला मुलाखतीचा सराव घ्यायला सांगतात. मागितल्याशिवाय मिळत नाही एवढंच. पेठेतल्या उमेदवाराने मात्र हे वाचून ठेवावं.

पेठेतला_उमेदवार

वाचलं. कॉल लेटर आलं की अर्ज टाकतो. पुस्तिकेबद्दल मात्र अजून पटलेलं नाही.

इंग्रजीच्या_बाई

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, मराठी माध्यमातली मुलं रोज समोर असतात. अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा शब्द नसतात, तर आधी मराठीत पूर्ण वाक्य जुळवायचं आणि मग ते उलटवायचं, यात वेळ जातो. लहान वाक्यं बोलायला सांगा. ‘द ब्रिज वॉज डॅमेज्ड. वी हॅड टू डेज. वी स्टार्टेड ॲट नाइट.’ याला कुणी नावं ठेवत नाही.

रोजच्या तासाभरातली वीस मिनिटं तुम्ही घ्या. चिठ्ठ्यांवर विषय लिहा: पाण्याची टंचाई, अग्निवीर योजना, भारत-चीन सीमा, चांद्रयान, गावातली शाळा. लेक्चरेटला (छोट्या भाषणाच्या चाचणीला) खरोखर असंच असतं, कार्डावर चार विषय, तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं बोलणं. हे बोलत असताना तुम्ही मधे व्याकरण सुधारायचं नाही. एकदाही नाही. संपलं की एकच चूक सांगायची. शब्द अडला तर हिंदी शब्द घालून पुढे जाऊ दे, थांबणं सगळ्यात वाईट. गटचर्चेत थांबलेल्या माणसाची जागा दुसरा लगेच घेतो.

चेस्टनंबर_सात

बाईंना +१. मुलाखतीबद्दल राहिलं होतं.

पीआयक्यू फॉर्म (स्वतःच्या माहितीचा) आधी घरी कच्चा भरून बघा. वडील काय करतात, उत्पन्न, मार्क, खेळ, छंद, सगळं त्यात येतं आणि मुलाखत त्याच कागदावरून चालते. छंद म्हणून ‘रीडिंग’ लिहायचं आणि शेवटचं पुस्तक आठवायचं नाही, हे टाळा. घरी शेती असेल तर ती लिहायला लाजू नये. सातारकडे आलं लावतात, आल्याचा भाव का पडतो, पाणी कुठून येतं, हे जो नीट सांगू शकतो त्याला मुलाखत घेणारा आवडीने ऐकतो.

एक प्रश्न साखळीचा येतो: दहावीपासूनचे टक्के, आवडता विषय, नावडता विषय, शिक्षक, मित्र, सहली, खेळ, सगळं एका दमात विचारतात. क्रम चुकला, एखादं विसरलं, तर ‘सर, सहलीचं राहिलं, पुन्हा सांगाल का’ असं सरळ विचारावं. आणि युनिटमधलं काही गोपनीय बोलायचं नाही, मुलाखतीतसुद्धा.

वानवडीचा_डॉक्टर

निवड झाली की तिथेच मेडिकल लागतं, त्यात मग धावपळ नको. कानात मळ, किडलेला दात, असल्या क्षुल्लक गोष्टींवर माणसं तात्पुरती अनफिट होतात. आत्ताच एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) कान आणि दात दाखवून घ्या. चष्मा असेल तर नंबर नव्याने काढा.

रेंजहिल्सवाली

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: क्लास पूर्ण नाही, फक्त रविवारी मैदानासाठी. फोटो आणि चिठ्ठ्या माझ्याकडे. ॲडज्युटंट साहेबांना उद्या विचारणार आहेत. सासूबाईंना राण्यांबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, मग पगार किती वाढेल?

ह्यांचा एक शेवटचा प्रश्न आहे. वॉरंटवर (सरकारी रेल्वे पासवर) झेलम एक्सप्रेसने जाणार, तर आदल्या दिवशी पोचलेलं बरं की त्याच दिवशी?

जुनी_छावणी

आदल्या दिवशीच. झेलमच्या वेळेवर विसंबू नका, रिपोर्टिंगची वेळ बोर्ड कुणासाठी थांबवत नाही. कॉल लेटर, आयकार्ड, बारावीचं मूळ सर्टिफिकेट, मूव्हमेंट ऑर्डर, पासपोर्ट फोटो जास्तीचे, हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रंकेत नको. पांढरे पीटी शूज दोन जोड न्या. पाऊस असेल तर मैदानावर एक जोड दुपारपर्यंत भिजतो.

पगाराचं सासूबाईंना व्यनिने (खाजगी निरोपाने) कळवतो.