मदत हवी आहे: बिल्डचा लॉग आवरत नाहीये

ऐरोलीकर: दोन दिवस डोकं फिरलंय. बिल्ड (कोड जुळवून तपासायचं काम) लावला की कन्सोलवर लॉगचा, म्हणजे प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींचा, नुसता धबधबा. एक टेस्ट पडते (फेल होते), पण कुठली ते शोधायला वर जावं तर तो भाग केव्हाच गायब. लॉग कमी कसा करायचा? लवकर सांगा, ५ वाजता डेमो आहे.

कॉर्नरसीट: कशाचा बिल्ड? मेव्हन, ग्रेडल, एनपीएम, कुठल्या टूलचा? तुमची स्क्रीन आम्हाला दिसत नाही हो.

ऐरोलीकर: मेव्हनच, अजून काय.

घोडबंदर_त्रस्त: ग्रेडलवर या. टेस्टचं आउटपुट तो मुळात कन्सोलवर दाखवतच नाही. आम्ही प्रोजेक्ट तिकडे नेलं, सुखी आहोत.

जुना_खोंड: ५ ला डेमो आणि तुम्ही बिऱ्हाड हलवायला सांगताय! ऐरोलीकर, मेव्हनच्या कमांडला ‘-एनटीपी’ लावा. ‘डाउनलोडिंग फ्रॉम सेंट्रल’च्या ओळी जातील. मेव्हन ३.६.१ किंवा पुढचं हवं.

ऐरोलीकर: ३.८ आहे. लावलं, काही फरक नाही. ‘-क्यू’ (गप्प राहा) कालच लावून झालंय, तरी येतंच.

घोडबंदर_त्रस्त: ‘-क्यू’ लावूच नये, बिल्ड अडकलाय की चालू आहे तेच कळत नाही.

जुना_खोंड: मी तर रोज लावतो. कळतं.

कॉर्नरसीट: ‘-क्यू’चं आधी सांगायचं ना! त्याने मेव्हन स्वतः फक्त एरर दाखवतो. तरी येतंय म्हणजे बडबडणारा दुसराच कोणीतरी आहे. दोन ओळी जशाच्या तशा चिकटवा.

दिघावाला: ऐरोलीत कुठे? आमचं ऑफिस दिघा गावाच्या बाजूला. स्टेशन झाल्यापासून रिक्षाचे पैसे वाचतात.

ऐरोलीकर: ‘१४:०२:११.३१७ [मेन] डीबग ऑर्ग.हायबरनेट.एसक्यूएल - सिलेक्ट…’ अशा हजारो. (दिघावाला, नंतर बोलू.)

कॉर्नरसीट: हा लॉगबॅक, प्रोग्रामचा लॉग लिहिणारी लायब्ररी. कॉन्फिग (सेटिंगची) फाइल सापडली नाही की तो आपणहून डीबग पातळीवर, म्हणजे बारीकसारीक सगळं, बोलतो. तुमची कुठे आहे?

ऐरोलीकर: सर्व्हरवर, प्रोजेक्टच्या बाहेर. तिथे तर सगळं नीट चालतं.

कॉर्नरसीट: तिथे चालणारच, टेस्टला ती दिसत नाही ना! ‘एसआरसी/टेस्ट/रिसोर्सेस’मध्ये ‘लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल’ टाका, रूटची (सगळ्यांना लागू होणारी) पातळी ‘वॉर्न’ (फक्त इशारे आणि एरर) ठेवा. लॉगबॅक हेच नाव आधी शोधतो.

जुना_खोंड: शिवाय शुअरफायरमध्ये (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगिन) ‘रिडायरेक्टटेस्टआउटपुटटूफाइल’ ट्रू करा. टेस्टचं बोलणं ‘टार्गेट/शुअरफायर-रिपोर्ट्स’मध्ये जाईल, क्लासगणिक वेगळ्या फाइलमध्ये.

घोडबंदर_त्रस्त: ग्रेडलमध्ये हे करावंच लागत नाही.

जुना_खोंड: अहो, लॉगबॅकला कॉन्फिग नाही तर तिथेही तो डीबगच बोलणार! तुम्हाला दिसत नाही एवढंच.

ऐरोलीकर: आवरला! एका स्क्रीनमध्ये मावतोय. तारखेची टेस्ट पडत होती, तीही दिसली. ‘-क्यू’ काढलं. कॉर्नरसीट, चहा माझ्याकडून.

नवा_गडी: एनपीएमला ‘--सायलेंट’ लावून बघा, शांत होतं.