बीएस-६ डिझेल कार: डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो

प्रश्न: रोज ५-६ किमी, तेही शहरातच. फिल्टर बदलावा लागेल का?

उत्तर १: घाई नको. फिल्टरमधली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात; एवढ्याशा अंतरात इंजिनही धड तापत नाही. दिवा लागला की हायवेवर ६०च्या पुढे, २००० आरपीएमच्या आसपास २० मिनिटं सलग चालवा. मध्येच बंद केलीत तर काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर दिसली तर ऑइल लगेच बदला. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र थेट वर्कशॉप गाठा.

उत्तर २: ऑइल कमी राखेचंच हवं, मॅन्युअलमध्ये सी२ किंवा सी३ (अशा ऑइलचे दर्जे) जे लिहिलंय तेच. काजळी जळते, राख फिल्टरमध्येच साठते.

उत्तर ३: कुणी फिल्टर काढून टाकायला सांगेल, अजिबात ऐकू नका. डिझेल कारसाठी बीएस-४ची सूक्ष्मकणांची मर्यादा किमीला २५ मिलिग्रॅम होती, एप्रिल २०२० पासून बीएस-६मध्ये ४.५ आहे. फिल्टरशिवाय ती गाठणं शक्यच नाही.