बेडरूमचा रंग: निळा की गुलाबी? (रात्रपाळीवाल्यांचं घर)

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटला रंग द्यायचाय. बाकी घराचं ठरलं, घोडं अडलंय बेडरूमपाशी. खोली दहा बाय अकरा, नैऋत्येची, खिडकी पश्चिमेला. नवऱ्याची शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची, त्यामुळे तो सकाळी सहाला झोपतो आणि दुपारी एकला उठतो. मी आपली रात्री झोपते. इंटिरियरवालीने कलर सायकॉलॉजीचा तक्ता पाठवलाय: निळा म्हणजे शांतता, हिरवा म्हणजे ताजेपणा, लाल म्हणजे भांडण. सासूबाईंना गुलाबीच हवाय, त्याने माणूस निवतो म्हणे. या तक्त्यांत तथ्य किती?

तिखटमीठ:
आमच्याकडे पांढऱ्या भिंतींतही उत्तम भांडणं होतात. बाकी जाणकार सांगतीलच, वाचनखूण साठवतोय.

ब्रशवाले काका:
ताई, मी कोल्हापुरात रंगकामाची कंत्राटं घेतो. असले तक्ते हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलात असतात, म्हणून मुद्दाम वाचून काढलं.

सासूबाईंच्या गुलाबीवर खरोखर प्रयोग झालाय. १९७९ साली अमेरिकेत, सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात अलेक्झांडर शॉस या संशोधकाच्या सांगण्यावरून एक कोठडी गुलाबी केली. कृती अगदी आमच्या धंद्यातली: एक गॅलन पांढऱ्यात एक पाइंट लाल, म्हणजे आठास एक. कैदी निवले असा गवगवा झाला, तिथल्या दोन अधिकाऱ्यांवरून रंगाला 'बेकर-मिलर' नाव पडलं आणि इतर तुरुंगांनीही तो उचलला. पुढे स्वित्झर्लंडच्या तुरुंगात नीट तुलना करून पाहिली. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले, गुलाबी कोठडीतले कैदी काही जास्त शांत निघाले नाहीत. सासूबाईंना हे सांगायचं का ते तुमचं तुम्ही बघा.

१९९४ चा वाल्डेझ आणि मेहरेबियन यांचा अभ्यास मला जास्त पटतो. त्यांनी लोकांना रंगांचे नमुने दाखवून काय वाटतं ते नोंदवलं. रंग कोणता यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक, यानेच जास्त फरक पडला. भडक निळ्या खोलीत तासभर बसून बघा, डोकं उठतं. तेच विटकरी फिका करून लावला तर डोळ्याला खुपत नाही. तेव्हा शेडकार्डावर निळा की हिरवा करत बसण्यापेक्षा एकाच पट्टीत किती खाली उतरायचं ते ठरवा.

झोपेचं म्हणाल तर भिंतीआधी उजेड बघायचा. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी असतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने जाग्या होतात आणि मेंदूला दिवस असल्याचं कळवतात. मग मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दबतं. भिंत निळी म्हणून हे होत नाही, रात्री ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब लावून बसलात तर होतं (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). २७०० चा पिवळा दिवा घ्या. मात्र त्या उजेडात फिका निळा करडा-हिरवट दिसतो, हे आत्ताच सांगतो. नंतर पेंटरला बोल लावू नका.

पश्चिमेची खिडकी तुमच्या पथ्यावरच पडली. ऊन आत येईपर्यंत यजमान उठलेले असतात. तरी सकाळचा उजेड असतोच, त्याला अस्तराचा जाड पडदा हवा, चौकटीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त. भिंतीला मॅट फिनिश. चकचकीत असेल तर फटीतली तिरीप भिंतीवर चमकत राहते. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकते, मध्यम करडा-निळा त्याच्या निम्माही नाही. दिवसा झोपणाऱ्याला दुसरा बरा.

माडीवरची:
काका, सवय विसरलात. आजोळी चुन्यात नीळ घालायचे, चुन्याचा पिवळेपणा मारायला. आम्ही भावंडं त्या निळसर माडीवर झोपायचो. मला अजून तसल्याच खोलीत गाढ झोप लागते. याला अभ्यास बिभ्यास लागत नाही.

ब्रशवाले काका:
मान्य. सवयीपुढे शेडकार्ड चालत नाही.

पाऊसवेडी:
काका, आभार! करडा-निळा जवळजवळ पक्का. पण मॅटवर डाग पडतात ना? नवरा डोक्याला तेल लावून झोपतो. आणि खोली अंधारी होईल का?

ब्रशवाले काका:
पलंगाच्या डोक्याशी त्याच शेडचा धुता येणारा इमल्शन मारून घ्या, निदान उशीच्या वर दोन फुटांपर्यंत. चकाकीत किंचित फरक दिसेल, पण तेलाच्या डागापेक्षा बरा. अंधाराचं म्हणाल तर छत पांढरंच ठेवा. खिडकीसमोरची भिंतही एक शेड फिकी चालेल, तुम्हाला दुपारनंतर तिथेच वावरायचंय.

पूर्ण डबे घ्यायच्या आधी छोटा डबा आणून पलंगासमोर दोन बाय दोनचा चौकोन मारा, दोन हात. वाळला की एकदा सकाळी पडदा ओढून बघा, एकदा रात्री दिव्याखाली. भिंतीला लांबी (पुट्टी) भरायची असेल तर काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही.