सोसायटीचं जीमेल फुल झालंय, मेंबर्सचे मेल परत जातायत

पाचपाखाडी_बी_विंग

नमस्कार मंडळी. ठाण्यात पाचपाखाडीला आमची ४२ फ्लॅटची जुनी सोसायटी आहे, गेल्या महिन्यात मिटिंगमध्ये कोणीच हात वर करेना म्हणून मी सेक्रेटरी झाले, म्हणजे केलं मला. चार्ज घेताना रजिस्टरं, शिक्के, कपाटाच्या चाव्या आणि एका चिठ्ठीवर लिहिलेला सोसायटीच्या जीमेलचा पासवर्ड मिळाला. तो पासवर्ड कमिटीतल्या पाच जणांना पाठ आहे आणि माझ्या अंदाजे वॉचमनलापण असणार.

आता प्रॉब्लेम असा की उघडल्या उघडल्या वर लाल पट्टी, स्टोरेज फुल. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गळतीची कंप्लेंट मेल केली तर ती त्यांनाच परत आली, मग त्या जिन्यात भेटून बोलल्या, ते मेलपेक्षा जास्त जोरात होतं. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, घ्यायची आहे, १४ दिवस आधी नोटीस जायला पाहिजे, रिडेव्हलपमेंटवाले बिल्डर मोठमोठ्या पीडीएफ पाठवणार आहेत, आणि इथे एक मेल येईना. आत साडेअकरा हजार मेल आहेत, एकपण फोल्डर नाही, वीजबिल, बँक, लिफ्टवाला, सेलच्या जाहिराती सगळं एकावर एक. हा आयडी नीट वापरता येईल असं काय करू? कॉम्प्युटर येतो मला, पण जीमेल म्हणजे आपलं मेल वाचायचा आणि पाठवायचा एवढंच केलंय आजवर.

सीवूड्सवाला

ताई १०० जीबी विकत घ्या, महिन्याला शे-दीडशे रुपये, विषय संपला.

पाचपाखाडी_बी_विंग

दादा मी तेच म्हटलं, तर खजिनदार म्हणतात ऑडिटर विचारेल हे कशात टाकलं. लिफ्टच्या ग्रीसची पण तीन कोटेशनं मागवणारा माणूस आहे तो.

घणसोली_सेक्टर

नवीन आयडी काढा ना सरळ. फुकट आहे, कोरं करकरीत, जुन्याचा कचरा जुन्यातच राहूदे.

खोपटचा_आजोबा

नवीन आयडी काढू नका, आम्ही ती चूक करून बसलोय. बँकेत जुना, महावितरणला जुना, महापालिकेच्या प्रॉपर्टी टॅक्सला जुना, उपनिबंधक ऑफिसला दिलेल्या पत्रांवर जुना. सगळीकडे बदलायला दीड वर्ष गेलं आणि तरी एक महत्त्वाची नोटीस जुन्यावरच आली, ती कुणी उघडली नाही.

आणि विकत घ्यायच्या आधी काय खातंय ते बघा. माझा अनुभव असा की दहातले आठ वेळा मेलचा दोष नसतो. फुकटात मिळतात ते १५ जीबी एकट्या जीमेलचे नाहीत, ड्राइव्ह आणि फोटोज त्यातच धरलेत, आणि अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सॲपचा बॅकअपपण आता त्यातच मोजतात. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, इनबॉक्सच्या पार तळाला किती जीबी वापरले ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याच्यावर क्लिक केलं की कशाने किती खाल्लं ते वेगवेगळं दिसतं. ते आधी इथे सांगा, मग पुढचं बोलू. उगाच मेल डिलीट करत बसू नका.

पाचपाखाडी_बी_विंग

काका तुमच्या तोंडात साखर पडो. बघितलं. जीमेल ३.१ जीबी, ड्राइव्ह १.४, आणि फोटोज १०.५ जीबी!!

फोटोज उघडलं तर आमच्या आधीच्या सेक्रेटरींच्या नातीचं बारसं, गणपतीपुळे, तारकर्ली, सुनेचं डोहाळजेवण, आणि मध्येच पाण्याच्या टाकीच्या तड्याचे चार फोटो. त्यांनी सोसायटीचा आयडी स्वतःच्या फोनमध्ये टाकला होता आणि फोटोंचं बॅकअप त्यावरच चालू आहे, जागा भरेपर्यंतचे सगळे फोटो आहेत, शेवटचा नाश्त्याच्या मिसळीचा. ते आता पुण्याला राहतात. डिलीट मारू का सगळं? हात शिवशिवतायत.

खोपटचा_आजोबा

थांबा थांबा थांबा. बटणाला हात लावू नका.

फोटोज ॲपमध्ये फोनमधली जागा मोकळी करायचा एक पर्याय असतो, तो त्यांनी कधी दाबला असेल तर फोनमधले मूळ फोटो गेलेत आणि तुमच्या सोसायटीच्या आयडीत आहे तीच एकमेव कॉपी. आणि तो दाबला नसेल, बॅकअप चालू असेल, तर तुम्ही पाचपाखाडीत बसून डिलीट केलेलं पुण्यात त्यांच्या फोनमधूनही जाऊ शकतं. नातीच्या बारशाचे फोटो गेले तर तो माणूस रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सही करायचा नाही, सांगून ठेवतो.

क्रम असा ठेवा. फोन करून त्यांना सांगा, गोडीत. मग गूगल टेकआउटमधून, म्हणजे अकाउंटमधला आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय, फक्त फोटोज निवडून सगळं डाउनलोड करा, झिप फाइली येतात, हार्डडिस्कवर घ्या, दोनचार उघडून बघा खरंच आलेत का. मग त्यांच्या फोनमध्ये बॅकअप बंद, मग सोसायटीचं अकाउंट फोनमधूनच काढायला सांगा. हे सगळं झाल्यावर डिलीट, आणि फोटोजची कचरापेटी (बिन) पण रिकामी करा.

इतकी वर्षं कळलं कसं नाही म्हणाल तर २०२१ च्या १ जूनच्या आधी कमी क्वालिटीत चढवलेले फोटो मोजतच नव्हते. नंतर मोजायला लागले.

आता ३ जीबी मेलचं. वरच्या सर्चमध्ये इंग्रजीत लार्जर लिहा, मग कोलन, मग १० आणि त्याला चिकटून एम, मध्ये स्पेस नाही. १० एमबीच्या वरचेच मेल येतात. जुनेच हवे असतील तर पुढे ओल्डर, अंडरस्कोर, दॅन, कोलन, ३ आणि वाय, म्हणजे तीन वर्षांपूर्वीचे. नुसती अटॅचमेंट काढून मेल ठेवता येत नाही, त्यामुळे ठेवायची फाइल आधी उतरवून घ्या.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो, साफसफाईच्या आधी सेटिंग्जमध्ये कॉन्व्हर्सेशन व्ह्यू, म्हणजे एका विषयाचे मेल एकाच ओळीत दाखवणं, बंद करा. चालू असेल तर एक जाडा मेल म्हणून टिक करता आणि त्याच्याबरोबर त्या विषयावरचा अख्खा पत्रव्यवहार कचऱ्यात जातो. आमचं लिफ्टच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचं, सगळं भांडण असंच गेलं आणि नेमका पुरावा त्यातच होता. चुकून गेलंच तर ३० दिवस ट्रॅशमध्ये सापडतं. पण ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागापण सुटत नाही हेही लक्षात ठेवा.

घणसोली_सेक्टर

काका तुम्ही माझंपण काम केलं. आत्ता बघितलं, माझे ९ जीबी नुसता व्हॉट्सॲप बॅकअप. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ 🙏

ऐरोली_ट्रेझरर

जागेचं काका बघतायत पण मला त्या पासवर्डच्या चिठ्ठीचं जास्त टेन्शन आलं. पाच जणांनी एक पासवर्ड वापरला की कोणी काय पाठवलं, कोणी काय उडवलं, कळायला मार्गच नाही, आणि कमिटीत वाजलं की पहिला पासवर्ड बदलतो, आमच्याकडे झालंय.

त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये अकाउंट्स अँड इम्पोर्टमध्ये जा, तिथे ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट असं आहे, कॉम्प्युटरवरच दिसतं, फोनवर शोधू नका. तिथे चेअरमन, खजिनदार ज्याला द्यायचं त्याचा स्वतःचा जीमेल आयडी टाकायचा, १० जणांपर्यंत देता येतो. त्यांना मेल जातो, आठवड्याच्या आत ॲक्सेप्ट करायला लागतं. मग ते आपल्याच लॉगिनमधून सोसायटीचे मेल वाचतात, पाठवतात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत. कमिटी बदलली की नाव काढा, झालं. डिलीट मात्र तेही करू शकतात, तेवढा विश्वासाचा माणूस बघा.

हे झालं की पासवर्ड बदला, आणि सिक्युरिटीत रिकव्हरी फोन, म्हणजे लॉगिन अडकलं की कोड जातो तो नंबर, कोणाचा आहे ते बघा. पैज लावते, पुण्याचाच नंबर असणार. तो बदललात तरी ७ दिवस जुन्या नंबरवर कोड जाऊ शकतो, तेवढे दिवस त्या काकांशी गोड राहा. टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू केलं की १० बॅकअप कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो, त्यांची प्रिंट काढून शेअर रजिस्टरच्या कपाटात ठेवा. तुमच्या फोनमध्ये ठेवू नका, उद्या तुम्हीपण पुण्याला जाल.

रोजच्या कामासाठी आमची सिस्टिम अशी. जीमेल आयडीच्या नावानंतर, ॲटच्या आधी, प्लस लावून काहीही लिहिता येतं, मेल त्याच इनबॉक्सला येतो. आम्ही मेंबर्सना सांगितलंय, गळती असेल तर प्लस लीकेज, पार्किंग असेल तर प्लस पार्किंग. मग फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं तो नियम, बनवायचा, त्या पत्त्यावर आलेल्या मेलला आपोआप ते लेबल, म्हणजे जीमेलचं फोल्डरच. वीजबिल, बँक यांनाही तसंच, आणि फिल्टर बनवताना आधीच्या मेलनापण लावा अशी एक टिक असते ती मारलीत की तुमचे साडेअकरा हजार बसल्या जागी वर्गवार होतात. मला ते बघताना नारळीपाकाच्या वड्या पडल्यासारखं समाधान झालं होतं. नावं साधी ठेवा, मी उत्साहात ३१ लेबलं केली होती, आता ६ आहेत.

फक्त फिल्टरमधली स्किप द इनबॉक्सची टिक, म्हणजे मेल इनबॉक्समध्ये न दिसता थेट लेबलमध्ये जातो ती, विचार करून मारा. मी एका सरकारी ऑफिसच्या मेलना मारली, नीटनेटकं दिसावं म्हणून, तर हिअरिंगचं पत्र लेबलमध्ये गपचूप जाऊन बसलं आणि तारखेच्या आदल्या रात्री सापडलं. जाहिरातींना मारा, ऑफिसांना नको.

सीवूड्सवाला

आणि नोटीस पाठवताना ४२ पत्ते टू मध्ये टाकू नका प्लीज, बीसीसीत टाका, तिथले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. आमच्याकडे टाकले होते, एकाने रिप्लाय ऑल करून कुत्र्यांचा विषय काढला, अजून चालू आहे. कॉन्टॅक्ट्समध्ये सगळ्यांना एक लेबल लावा, बीसीसीत ते नाव टाइप केलं की सगळे येतात. दिवसाला ५०० जणांची लिमिट असते, तुम्हाला पोचणार नाही. अनडू सेंड, म्हणजे पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत, पण ३० सेकंद करून ठेवा, ते मूळचं ५ सेकंद असतं, तेवढ्यात चूक लक्षातसुद्धा येत नाही.

पाचपाखाडी_बी_विंग

अपडेट देते, चार दिवस गेले यात.

पुण्याच्या काकांना फोन केला. त्यांना पत्ताच नव्हता, ते म्हणाले अगं मी समजत होतो माझ्याच अकाउंटला जातायत. आणि खोपटच्या काकांनी सांगितलं तसंच, फोनमधली जागा त्यांनी मोकळी केलेली होती, म्हणजे बारशाचे फोटो फक्त आमच्याकडेच होते. मला नुसतं ऐकून घाम फुटला. टेकआउट केलं, फाइली आल्या, भाचा रविवारी हार्डडिस्क घेऊन पुण्याला चाललाय, त्यांनी ते उघडून बघेपर्यंत फोटो काढणार नाहीये. पण बॅकअप बंद केलं त्यांनी आणि रिकव्हरी नंबरही बदलला, हो, पुण्याचाच होता.

तोवर मेलच्या बाजूने जागा केली. कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद करून १० एमबीच्या वरचं शोधलं तर एकाच पेंट कंपनीचा कॅटलॉग १९ वेळा, ट्रॅश रिकामा केला आणि दोन तासांनी लाल पट्टी गेली. काकूंची गळतीची कंप्लेंट आली, प्लस लीकेजवर, फोटोसकट. अजून बाथरूम गळतंच आहे पण निदान लेबलमध्ये गळतंय.

खजिनदारांना ॲक्सेस दिला तर त्यांचा पहिला प्रश्न, याची पावती मिळेल का.

एक राहिलं. बिल्डरच्या माणसाचा फोन आलेला, त्याची प्लॅनची फाइल ४० एमबीची आहे, मेलला जोडली जात नाही म्हणतो. पेन ड्राइव्ह घेऊन ये म्हणू का?

खोपटचा_आजोबा

जोडलेली फाइल २५ एमबीच्या वर जात नाही, त्याच्याकडे जीमेल असेल तर त्याच्या ड्राइव्हची लिंक आपोआप जाते. पण नुसत्या लिंकवर राहू नका, उद्या त्याने काढून घेतली की तुमच्या हातात काही नाही. आली की त्याच दिवशी उतरवून घ्या, तारखेसकट.